थंड भट्टीची पाळी

भट्टीच्या दारावर खिळा ठोकून लावलेला कागद फिलोमेनने उभ्या उभ्याच वाचला. हातात कोंबड्यांच्या खाण्याची बादली होती. वाचून झाल्यावर तिने बादली खाली ठेवली, कागद ओरबाडून काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि खुराड्याची जी पायरी कित्येक दिवस डुगडुगत होती तिच्याखाली सारून दिला. पायरी हलायची थांबली. मेयरच्या सहीचा आमच्या व्हिलारेल वस्तीला झालेला हा पहिला उपयोग, असं ती नंतर शेजारच्या झेलीला म्हणाली.

कागदात लिहिलं होतं की वस्तीच्या भट्टीच्या घुमटाला तडा गेलेला आहे, ती पेटवणं धोक्याचं आहे, आणि अकरा नोव्हेंबरच्या सें-मार्तँच्या सणापासून ती खालच्या गावच्या ताब्यात जाईल. मग तिला काचेचं दार बसवण्यात येईल, आत दिवे सोडण्यात येतील आणि उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना ती बघता येईल. व्हिलारेलच्या लोकांनी पावाची काळजी करू नये. पाव खालच्या बेकरीतून गाडीने येतील, गरम गरम.

धोक्याची गोष्ट बकवास होती. ताब्यात जाण्याची मात्र खरी होती. खोऱ्यातल्या सगळ्या वस्त्या खालच्या गावात विलीन झाल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या. ज्या वस्तीची भट्टी लागोपाठ दोन हिवाळे थंड राहील, तिचा भट्टीवरचा हक्क संपेल, असं त्यात एक कलम होतं. त्या दिवशी मेयरने वाईन ठेवली होती. वाईन चांगली होती आणि कलम कुणी वाचलं नाही.

गेल्या वर्षी भट्टी पेटली नव्हती. हिवाळाभराचे पाव आम्ही नोव्हेंबरातल्या एकाच आठवड्यात भाजतो, आणि ऐन त्या आठवड्यात आदेल गेली. मर्तिकाच्या घरासमोर भट्टी पेटवत नाहीत, आणि आदेलचं घर तर भट्टीच्या अगदी समोर. तिच्या नवऱ्याने, ऑनोरेने, त्या दिवशी जे अंथरूण धरलं ते धरलंच. त्याला आजार म्हणावा असा काही नव्हता. तो उठत नव्हता, एवढंच. झेली त्याला सूप नेऊन द्यायची आणि अर्धं परत आणायची.

सें-मार्तँला थंड सापडलेली भट्टी हिवाळाभर थंड धरायची, असं कलमात होतं. तेव्हा यंदा, सणाच्या आत, भट्टी पेटायलाच हवी होती.

फिलोमेनला हे जितकं लागलं तितकं दुसऱ्या कुणालाच लागलं नसेल, आणि गंमत म्हणजे ती इथली नव्हे. खिंडीपलीकडची, इटलीच्या बाजूची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्याला हसायचे, तिच्या हातच्या चीजला नाकं मुरडायचे, आणि सासूबाई तर तिला नावाने हाक न मारता 'ती पलीकडची' म्हणायच्या, तेसुद्धा तिच्या तोंडावर. मग एका नोव्हेंबरात पहिल्या पेटवणीची पाळी त्यांच्या घरावर आली. नवरा तापाने फणफणलेला. फिलोमेनने एकटीने भट्टी तापवली.

वर्षभर थंड पडलेली भट्टी तापवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. दगड लाकूड नुसतं गिळतात. गाडाभर लार्चचं लाकूड जाळावं तेव्हा कुठे घुमट काळ्याचा पांढरा होतो. एवढं करून पहिल्या फेरीचे पाव खालून करपतात आणि आतून कच्चे राहतात. ज्याची पहिली पाळी त्याचं घर हिवाळाभर तसलाच पाव खातं आणि बाकीची घरं त्याच्या आयत्या उष्णतेवर छान भाजून घेतात. म्हणून तर पाळी ठरवायला घराघरांचे ठसे टोपीत टाकून एक काढतात. आणि म्हणूनच ज्याने एकदा थंड भट्टी तापवली तो या वस्तीचा, असं इथे मानतात. त्या संध्याकाळी आदेल काजळीने माखलेल्या फिलोमेनजवळ आली, तिच्या गालावरची काजळी आपल्या बोटाने पुसली आणि म्हणाली, "आता तुला कुणी पलीकडची म्हटलं तर मला सांग." पुढे कुणी म्हटलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही.

ती भट्टी आता काचेमागे जाणार होती.

सणाच्या आधीच्या रविवारी झेलीच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. सगळे म्हणजे किती, तर झेली, तिचा नवरा इलेर, निवृत्त पोस्टमन सिप्रियें आणि आता घरात एकटीच उरलेली फिलोमेन. बाकीच्या घरांना कुलपं आहेत आणि कुलपांना गंज आहे. इलेरने आपली लोकरी टोपी टेबलावर उलटी ठेवली. प्रत्येक घराचा पावावर उमटवायचा एक लाकडी ठसा असतो, मुठीत मावेल एवढा. फिलोमेनच्या घराचा बोकडाचं शिंग, झेलीचा कात्री, सिप्रियेंचा साधा क्रूस. ऑनोरेचा ठसा चांदणीचा. तो झेलीने त्याच्या फळीवरून उचलून आणला होता. त्याने बघितलं, पण हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

झेलीने डोळे मिटून टोपीत हात घातला. चांदणी निघाली.

चुलीवर दूध उतू चाललं होतं तेसुद्धा उतरवायचं झेलीला सुचलं नाही.

"परत काढ," फिलोमेन म्हणाली.

"परत काढायचं नसतं," सिप्रियें म्हणाला. "तुला काय ठाऊक नाही?"

"अरे, तो माणूस वर्षभर स्वतःची चूल पेटवत नाही. भट्टी काय पेटवणार?"

"नाही पेटवली तर नाही पेटवली. त्याची पाळी, त्याची मर्जी. नियम म्हणजे नियम." सिप्रियेंने मिशीवरून बोट फिरवलं. "आणि मेयर काही वाईट माणूस नाही हो. काचेचं दार लावतोय, आत दिवे लावतोय."

"भट्टीत दिवे! उद्या तुझ्या दाढेत दिवा लावेल आणि लोकांना बघायला बोलावेल. बसशील तोंड उघडून?"

इलेर फसकन हसला आणि झेलीने डोळे वटारल्यावर खोकल्यासारखं केलं. तो म्हणाला, "त्याच्याऐवजी मी पेटवली असती. लाकूड आहे माझ्याकडे."

"दुसऱ्याची थंड पाळी घेता येत नाही," सिप्रियें म्हणाला. "घर विझलं असेल तरच."

हे सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटचं माणूस गेलं, धुराडं बंद झालं, की त्या घराचा ठसा भट्टीशेजारच्या खिळ्याला उलटा टांगतात, आणि मग त्याची पाळी दुसऱ्याला मिळते. पण जित्या माणसाचा ठसा उलटा टांगणं म्हणजे भर रस्त्यात त्याचं प्रेत काढणं. ज्याने टांगला त्याचा स्वतःचा ठसा भट्टीत जातो आणि त्याचं नाव टोपीतून कायमचं निघतं. पूर्वी एकाने भावाशी भांडून असं केलं होतं. त्याचा ठसा जाळला, आणि वसंतात तो बायकापोरं घेऊन खोऱ्यात उतरला तो पुन्हा वर आलाच नाही. पाव सगळ्यांबरोबर भाजता येत नसेल तर इथे राहून करायचं काय, हा प्रश्न इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

एका वस्तीने आपल्याच नियमात आपलेच पाय बांधून घ्यावेत, हे आमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं.

फिलोमेन तिथून उठली ती थेट ऑनोरेकडे गेली. तो शेगडीजवळच्या खाटेवर पडला होता. शेगडी थंड होती. दाढी वाढलेली, अंगावर कोट, कोटावर गोधडी.

"चांदणी निघाली," ती म्हणाली.

"कळलं."

"मग?"

"मग काही नाही. आदेल गेली, भट्टी गेली. दोघी एकाच आठवड्यात थंड झाल्या. राहू दे."

"आदेलला देवाने नेलं. भट्टी तू नेतोयस. देवावर ढकलू नकोस."

"माझं डोकं खाऊ नकोस, फिलोमेन."

"तुझ्या डोक्यात खाण्यासारखं उरलंय काय? आदेल असती तर तुला कान धरून उठवलं असतं."

ऑनोरे कुशीवर वळला, भिंतीकडे तोंड करून. "आदेलचं नाव तू घेऊ नकोस. या भट्टीचं तुला काय कळणार? तू पलीकडची."

फिलोमेनच्या तोंडाचा पट्टा साऱ्या खोऱ्याला माहीत होता. त्या दिवशी मात्र ती घरी आली, खुर्चीवर बसली आणि रडली. रडून झाल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने उठून काथवट घासायला घेतली. पीठ भिजवायची काथवट ती, पण आधी घासली रागाने आणि मग सवयीने. मग वाटलं, घासलीच आहे तर पाणी उकळायला ठेवावं. राय धान्याच्या काळ्या पिठाला उकळतं पाणी लागतं आणि फुगायला भरपूर वेळ. पीठ मळता मळता तिचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी ती झेलीच्या दारात उभी राहिली. "ऑनोरेचा ठसा दे."

झेलीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. "अगं बाई, नको. तुझा ठसा जाईल."

"जाऊ दे."

"पुढच्या वर्षी तुला टोपीत घेणार नाहीत. सिप्रियें तर मुळीच नाही. तू करशील काय?"

"आत्ता कुठे मी इथली आहे? काल सांगितलं मला एकाने. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, झेली. दे इकडे."

खिळा जुनाच होता आणि घट्ट होता. तो ठोकायची काही गरज नव्हती. तरी फिलोमेनने हातोडा आणला होता आणि ती तो खिळा ठोकत राहिली. भट्टीच्या दगडी भिंतीवर हातोड्याचा आवाज असा घुमला की इलेरच्या शेळ्या ओरडायला लागल्या. मग तिने चांदणी उलटी टांगली, कमरेवर हात ठेवले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली.

"ऐका हो! ऑनोरेचं घर विझलं! बायको गेली, माणूस गेला, धुराड्यातनं धूर नाही! त्याची थंड भट्टी मी घेतेय! कुणाला काही म्हणायचंय?"

समोरच्या घरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग दार उघडलं. ऑनोरे बाहेर आला तो झोपायच्या विजारीत, सपाता घातलेला, कोट उलटा चढवलेला. रस्त्यावर दव गोठलं होतं. तो दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा भिंतीला शिवी देऊन सावरला.

"कुणाचं घर विझलं?"

"तुझं."

"मी मेलो का? डोळे फुटले तुझे? मी मेलो?"

"मला काय माहीत? धूर दिसत नाही."

ऑनोरेने वळून आपल्या धुराड्याकडे पाहिलं. खरंच नव्हता. त्याने भिंतीला पाठ टेकली. फिलोमेनला वाटलं, आता हा इथेच बसकण मारतो आणि आपण केलेलं सगळं पाण्यात जातं. पण कमरेवरचे हात तिने काढले नाहीत.

"माझ्या लाकडाला हात लावलास तर तोडून ठेवीन," ऑनोरे म्हणाला आणि घरात गेला.

थोड्या वेळाने त्याच्या धुराड्यातून धूर यायला लागला. मग मागच्या शेडचं दार करकरलं आणि लार्चच्या फोडी भरलेली ढकलगाडी घेऊन तो बाहेर आला. बूट घातले होते, कोट सुलट केला होता. ती लाकडं त्याने आणि आदेलने मिळून फोडली होती, गेल्या वर्षीच्या पावांसाठी. त्याने खिळ्यावरची चांदणी काढली, खिशात टाकली, आणि फिलोमेनकडे ढुंकूनही न बघता भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ होता म्हणून सुंभ पेटला.

दुपारी मेयर ब्लाशेर आला. बरोबर त्याचा एक शिपाई, हातात पितळी कुलूप. भट्टीतून निघणारा धूर त्याला खालच्या वळणावरूनच दिसला असणार, कारण गाडीतून उतरतानाच त्याचा चेहरा पडला होता.

"मादाम फिलोमेन, मी नोटीस लावली होती."

"फार कामाला आली, मेयरसाहेब. दुसरी असेल तर द्या, दार पण डुगडुगतंय."

"हे हसण्यावारी नेऊ नका. घुमटाला तडा आहे. कुणाला काही झालं तर जबाबदार मी."

"तडा माझ्या सासूच्या सासूनेसुद्धा पाहिलेला आहे. दर वर्षी माती लिंपतात त्यात. तुम्ही इकडे पाव खायला आला असतात तर तुम्हालाही दिसला असता."

"मला अग्निशामक दल बोलवावं लागेल. आग विझवावी लागेल."

"बोलवा." फिलोमेन बाजूला सरकली आणि तिने भट्टीच्या लाल तोंडाकडे हात केला. "तापलेल्या दगडांवर थंड पाणी मारा. घुमट फाटकन फुटेल. मग खुशाल कागद लावा, घुमट फुटला म्हणून. आत्ता खोटं लिहिलंय, तेव्हा निदान खरं होईल."

शिपायाने कुलूप पाठीमागे लपवलं. मेयर खरोखरच वाईट माणूस नव्हता. तो घामाघूम झाला होता, आणि ते काही सगळं भट्टीमुळे नव्हतं. त्याने आधारासाठी सिप्रियेंकडे पाहिलं, कारण वर व्हिलारेलमध्ये आपल्या बाजूचा एकच माणूस आहे हे त्याला माहीत होतं.

सिप्रियेंने मिशीवरून बोट फिरवलं. "सें-मार्तँ उद्या आहे, मेयरसाहेब. भट्टी आज पेटली. दोन हिवाळे थंड राहिली असती तर तुमची. राहिली नाही. नियम म्हणजे नियम."

गाडी गेल्यावर इलेरने डोंगरी मुळ्यांची कडू दारू काढली आणि सगळ्यांनी एकाच पेल्यातून एकेक घोट घेतला. सूर्य कड्यामागे जायच्या सुमाराला घुमट पांढरा झाला. ऑनोरेने निखारे बाहेर ओढले, ओल्या झाडूने भट्टीची जमीन झाडली. घराघरांतून फळ्यांवर मांडलेले पाव आले. आणि मग जे व्हायचं होतं ते टळणार नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. जो तो आपापल्या बुटांकडे बघायला लागला.

फिलोमेनने खिशातून आपला ठसा काढला. शिंगाची कड तिच्याच अंगठ्याने झिजली होती.

ऑनोरे दिवसभरात पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलला. "ठेव तो खिशात. माझा ठसा टांगला होतास, माझी तक्रार नाही. मी माफ केलं."

"हो, हो," झेली घाईघाईने म्हणाली. "त्याचीच तक्रार नाही म्हटल्यावर..."

सिप्रियेंनेसुद्धा मान डोलावली. चार माणसं, आणि चौघांचीही मान्यता. ठसा परत खिशात टाकायचा, एवढंच काम होतं. तिला तो टाकावासा वाटत होता. इतका वाटत होता की हात खिशाकडे निघालाही.

"माफ पाहुणीला करतात," फिलोमेन म्हणाली. "घरातल्या माणसाला नियम लागतो. या पोस्टमनने आज मेयरला नियम दाखवला. उद्या मेयर खालून विचारत येईल, की फिलोमेनसाठी वाकवलात तर माझ्यासाठी का नाही? काय सांगणार आहात?" ती वळली. "आणि तू, ऑनोरे. मला पलीकडची म्हणालास ना? बघ आता, कुठली ते."

तिने स्वतःच्या हाताने ठसा निखाऱ्यांच्या ढिगात टाकला. वाळकं लाकूड ते, लगेच पेटलं. झेली रडत होती.

ऑनोरेने आपले पाव आत सारले; त्याच्या वाटणीचं पीठ झेलीने मळलं होतं. मग तो फिलोमेनच्या फळीपाशी आला. ठसा नसलेला पाव भट्टीत जात नाही, हे सांगायला त्या वेळी सिप्रियेंचीही जीभ उचलली नसती. ऑनोरेने खिशातून चांदणी काढून तिच्यापुढे धरली. "हा उमटव. आदेलनेच दिला असता. आजपासून तुझे पाव माझ्या घरचे."

"तुझ्या घरचे का म्हणून? मला घर आहे."

तिने उजव्या तळव्याला पीठ लावलं, बोटं फाकवली आणि पहिल्या पावावर हात दाबला. नीट, खोल, मनगटापर्यंत. मग दुसऱ्यावर. मग उरलेल्या सगळ्यांवर. काळ्या पिठावर पाच बोटांचा पांढरा पंजा उमटत गेला. वाकडं झालेलं करंगळीचं पेरसुद्धा त्यात दिसत होतं.

"हा माझा ठसा," ती म्हणाली. "जन्मताना घेऊन आले, खिंडीपलीकडून. हा जाळून दाखवा."

सिप्रियेंने पुढे होऊन त्या पावांकडे बारकाईने पाहिलं. नियमात हे कुठे बसतं ते तो शोधत होता. सापडत नव्हतं, आणि नियमाविरुद्ध आहे असंही कुठे सापडत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "आणि पुढच्या वर्षी? टोपीत काय टाकशील?"

"टोपी मोठी आणा," फिलोमेन म्हणाली, आणि ऑनोरेच्या हातातलं लांब दांड्याचं लाकडी उलथणं ओढून घेऊन तिने आपला पहिला पाव भट्टीत सारला.